शुक्रवारचा यूथ ग्रुप की दुसऱ्या रविवारची मराठी उपासना?

गेल्या महिन्यात पुण्याहून इकडे, बॉस्टनच्या पश्चिमेला राहायला आलेल्या एका कुटुंबाचा फोन आला. सामान अजून खोक्यांतच होतं, पण बाईंनी आधी ना शाळेचं विचारलं ना भारतीय दुकानाचं. "दादा, पोरांना चर्चला कुठं नेता?" थोरला चौदाचा, धाकटी अकराची. मी "दोन्हीकडे नेऊन बघा" असं गुळमुळीत उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "खरं काय ते सांगायचं की." ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

यूथ ग्रुप म्हणजे इथल्या अमेरिकन चर्चमधला पोरांचा शुक्रवारचा मेळावा, आणि उपासना म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती घरांची महिन्यातून एकदा भरणारी प्रार्थना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवणुकीत म्हणावा असा फरक नाही, पार्किंग दोन्हीकडे आहे. मी बोलतोय ते बारा ते अठराच्या वयाबद्दल. आपली सावळी, मराठी आडनावाची, ख्रिस्ती पोरं इथं वाढताना "मी नक्की कोण" हे त्यांना कुठं नीट उमजेल, एवढंच मला बघायचं होतं. आम्ही पाच वर्षं दोन्ही ठिकाणं करून पाहिली. दोन पोरांवरून काढलेला हा अंदाज आहे. तुमची पोरं वेगळी असतील.

आधी आपल्या पोरांची गोची काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. शाळेत ती "इंडियन", म्हणजे हिंदू, हे धरूनच चाललेलं असतं. दिवाळी आली की बाई वर्गात त्यांनाच उभं करून दिवाळीची माहिती विचारतात. मराठी लोकांच्या गणपतीत जेवायच्या रांगेत कोणीतरी मावशी म्हणतात, "अय्या, ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं बोलता?" आता मराठी ख्रिस्ती माणसानं मराठी नाही बोलायचं तर काय लॅटिन बोलायचं? वसईचे फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही हा प्रश्न संपला नाही, तर न्यू इंग्लंडातल्या रांगेत कुठला संपायला! तर अशी ही पोरं, जातील तिथं आधी स्वतःचा खुलासा करायचा आणि मग जेवायचं. निदान चर्चमध्ये तरी हे करावं लागू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

यूथ ग्रुपचं चांगलं ते आधी सांगतो, आणि ते पुष्कळ आहे. आमच्या घरापासून बारा मिनिटांवर. दर शुक्रवारी सातला. पोरांना ढकलावं लागत नाही, तीच बूट घालून दारात उभी असतात. सत्तर-ऐंशी मुलं, इयत्तेप्रमाणे लहान गट, प्रत्येक गटाला कॉलेजातला एखादा ताई-दादा. यूथ पास्टर पगारी, पूर्ण वेळ त्याच कामाला. मुलं त्याला काहीही विचारतात आणि तो दचकत नाही. उत्क्रांती, उदासी, मैत्रिणी, देव खरंच आहे का, सगळं. आमच्या लहानपणी नगरला शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, असला प्रश्न कोणी विचारला असता तर संध्याकाळच्या आत बापाच्या कानावर गेला असता.

आणि गोऱ्यांचंच चर्च म्हणाल तर तसंही नाही. फ्रॅमिंगहॅम जवळ असल्यामुळे ब्राझीलची मुलं आहेत, हैतीची आहेत, चिनी आणि कोरियन आहेत. मार्टिन ल्यूथर किंग म्हणायचे की रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला गोरे-काळे सगळ्यात वेगवेगळे बसण्याचा तास. ते खरं असलं तरी शुक्रवारी सातचा तास आमच्याकडे बऱ्यापैकी मिसळलेला होता. माझ्या पोराचा अजूनचा जिगरी दोस्त तिथलाच, ब्राझीलचा. धाकटीला न्यू हॅम्पशायरच्या उन्हाळी कॅम्पात पोहायला आलं, तळ्यात उडी मारायची भीती गेली. हे मी विसरत नाही.

बारीक तक्रारी होत्या. वर्षातून एक रविवार सगळ्या देशांचे झेंडे लावायचे, आपापला पदार्थ आणायचा (आम्ही दरवेळी शंकरपाळे), आणि उरलेले एकावन्न आठवडे गिटारवर तीच चार सुरांची गाणी. चालायचंच, इतक्या देशांच्या मुलांना एकत्र गाता येईल असं काहीतरी लागतंच. नावाचा उच्चार कोणाला जमला नाही, त्याचंही मला फार वाटलं नाही. माझ्या स्वतःच्या ऑफिसात पंधरा वर्षांत जमलेला नाही.

मला जे खुपलं ते वेगळंच होतं. वरवर पाहिलं तर किरकोळ. "तुमचं घराणं ख्रिस्ती कधी झालं?" हा एक प्रश्न.

हा प्रश्न फार मायेनं विचारला जातो. डोळे मोठे करून, मान किंचित कलती करून. ब्राझीलच्या मुलाला कोणी विचारत नाही, कोरियन मुलाला क्वचित. भारतीय चेहरा दिसला की हमखास. प्रश्नाच्या पोटात एक गोष्ट आधीच तयार असते: मूर्ती होत्या, अंधार होता, मग कोणीतरी आलं, मग उजेड पडला. पोरानं ती फक्त स्वतःच्या तोंडानं सांगायची. त्यात पोराचं नाव अस्सल मराठी. "मग बाप्तिस्म्याच्या वेळी नाव नाही बदललं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

पोरगा तेराचा असताना एका शुक्रवारी "मिशन नाइट" होती. आम्हा आईबापांनाही बोलावलं होतं. पडद्यावर जगाचा नकाशा, जिथं सुवार्ता "पोचलेली नाही" ते भाग लाल. भारत जवळजवळ सगळा लाल. नगर साधारण कुठं येतं ते मी नजरेनं शोधलं. तिथंही लालच. यूथ पास्टरनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला, हातात माइक दिला आणि म्हणाला, "येशू तुझ्या घराला भारतात कसा भेटला, ते सांग." पोरानं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माझे आजोबा ख्रिस्ती होते. त्यांचे बाबा पण. त्याच्या आधीचं मला माहीत नाही." आणि माइक परत दिला. टाळ्या पडल्या, पण कशा, पाहुण्यांच्या मुलानं कविता अर्ध्यावर विसरली की पडतात तशा. त्याच्यानंतर एक मुलगा उठला. तो उन्हाळ्यात दहा दिवस भारतात जाऊन आला होता. त्याच्याकडे फोटो होते. तो पंधरा मिनिटं बोलला, आणि छान बोलला.

गाडीत पोरगा गप्प. रूट नाइनच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "बाबा, आपण आधी कोण होतो?"

मी म्हटलं, "आधी म्हणजे?" त्याचा अर्थ मला न कळण्यासारखा नव्हता. पुण्यात कॉलेजला असताना मी हा प्रश्न टाळायला शिकलो होतो. "आम्ही ख्रिश्चन" असं म्हटलं की लोक आपल्याला गोवेकर धरून चालतात आणि पुढं खोदत नाहीत, हे मला विसाव्या वर्षी उमगलं होतं. तो सराव इतका मुरलेला की स्वतःच्या पोरासमोरही जीभ तशीच वळली. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. महार. नेवासे तालुक्यात वडाळा मिशनच्या बाजूला गाव, गावाच्या बाहेर वस्ती. खापरपणजोबा मिशनच्या शाळेत वाचायला शिकले, मग बाप्तिस्मा घेतला. पोरानं विचारलं, "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

यूथ पास्टरशी मी बोललो. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, मनानं खरंच चांगला. लगेच माफी मागितली, पोराचीही मागितली. आणि पुढच्या दिवाळीत त्यानंच बायकोला विचारलं, "हे सगळं सोडल्यावर मुलांना सणांची आठवण येते का हो?" आम्ही काय सोडलं? करंज्या आम्ही नाताळात करतो, आईच्या आधीपासून करत आलोय. बायकोनं हसून उत्तर दिलं. रागावायचं कोणावर? कोणी हिडीसफिडीस केली असती तर पोराला "दुर्लक्ष कर" म्हणता आलं असतं. इथं समोरचा माणूस त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतोय.

त्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन सेलमला गेलो. घरापासून तासाभराचा रस्ता. त्यांना सेलम माहीत होतं ते चेटकिणींच्या खटल्यांमुळे, आणि गावभर टोकदार काळ्या टोप्या विकायला असतात त्यामुळे. मी त्यांना वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या टॅबरनॅकल चर्चसमोर उभं केलं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी या मंडळीत पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला टपलेलं होतं, तरी ते राहिले. तीच आपली अमेरिकन मराठी मिशन. १८३१ साली ती नगरला पोचली. पोरानं जरा वेळ हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे हे लोक आपल्याला दोनशे वर्षांपासून ओळखतात. आणि विसरले." मग दोघांनी आइसक्रीम मागितलं.

यूथ ग्रुपला हा इतिहास पाठ असावा असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या किती जणांना आहे? पण त्या दिवसापासून माझ्या मनात काटा हलला तो हलला.

आता मराठी उपासना. इथं मी हात राखून लिहिणार नाही, कारण तुम्ही माझ्या भरवशावर पाऊण तास गाडी हाकत याल आणि मग मला शिव्या द्याल.

दर महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार. चार म्हणजे पावणेपाच. जागा एका लुथरन चर्चचं तळघर, हिवाळ्यात हीटर एका बाजूलाच चालतो. बारा-तेरा घरं, नाताळात वीस. पेटी एका डॉक्टरबाईंची. तबलजी हॉस्पिटलात नाइट ड्यूटीला असतो, तो येईल तेव्हा येईल. उपदेश बहुधा सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आलेले कोणीतरी निवृत्त पाळकसाहेब करतात, आणि चाळीस मिनिटांच्या आत आटोपणं हा त्यांना प्रभूचा अपमान वाटतो. "नीतिमान ठरवणे", "प्रायश्चित्त", "तारण" हे शब्द पोरांच्या डोक्यावरून जातात. मागच्या रांगेत सगळ्या माना खाली, प्रार्थनेसाठी नव्हे, फोनसाठी. पहिली दोन वर्षं आमची पोरं "आज पोट दुखतंय" यापलीकडे काही बोलत नसत.

शिवाय आपली माणसं. पोराला एमआयटीचं विचारणार, अजून नववीत असला तरी. कॅम्पहून आलेल्या धाकटीला एक मावशी म्हणाल्या, "अगं, किती काळवंडलीस! उन्हात कशाला पाठवतात?" त्या रात्री पोरगी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी होती. न्यू हॅम्पशायरच्या तळ्यावर शंभर गोऱ्या मुलांत तिला जे वाटलं नव्हतं, ते आपल्या माणसांत वाटलं. हा गुण मी मुकाट्यानं यूथ ग्रुपच्या खात्यात टाकला.

आणि ती दुसरी चौकशी. "मूळचे कुठले? बरं, नेवासे. नेवाशात कुठं? वडाळ्याला आमचे पाहुणे आहेत. तुमच्याकडचं आडनाव मग..." समुद्र ओलांडला, धर्म बदलून दीडशे वर्षं झाली, पण प्रश्न काही गाव सोडत नाही. तिकडे सरकार म्हणतं तुम्ही ख्रिस्ती, म्हणून १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या यादीत तुम्हाला जागा नाही. शिखांना १९५६ साली मिळाली, बौद्धांना १९९० साली, आपल्याला नाही. इकडे तळघरात रस्सा वाढताना मात्र आपल्याच मंडळीतल्या काहींना अजून ते हवंच असतं. या एका गोष्टीपायी मी मध्ये सहा महिने जाणं बंद केलं होतं.

परत गेलो ते एका आजोबांमुळे. ते नगरचे, मिशनच्या शाळेत मास्तर होते, लेकीकडे आलेले. त्या रविवारी पाळकसाहेब आजारी, म्हणून बोलायला आजोबा उभे राहिले. मराठीतच बोलले, पण मास्तरकीच्या मराठीत, तुटक आणि सोप्या. त्यांनी सुरुवातच केली ती अशी: "मी मांगवाड्यातला. आमच्या गावात तीन विहिरी होत्या आणि आम्हाला एकही नव्हती." मागच्या रांगेतल्या दोन माना वर आल्या. मग सांगितलं की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. माझा पोरगा तेव्हा शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकत होता, यादवी युद्धापर्यंत आला होता. त्यानं फोन उलटा ठेवला. मग आजोबा किंगवर आले. १९५९ साली किंग भारतात आले, केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती "अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव" अशी. किंग यांना आधी ते झोंबलं, मग विचार केल्यावर पटलं. हे त्यांनी स्वतः पुढं एका उपदेशात सांगितलं होतं. त्या किंगनी पीएच.डी. केली ती इथंच, बॉस्टनला.

जेवताना धाकटी आजोबांशेजारी बसली होती. कॅम्पचं काहीतरी सांगत होती. आजोबा घास हातात धरून थांबले. "न्यू हॅम्पशायर? अगं, आमच्या फरारबाई तिथल्या." पोरगी म्हणाली, "कोण?" मग पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवायचा राहिला आणि गोष्ट सुरू झाली. सिंथिया फरार, न्यू हॅम्पशायरातल्या मार्लबरोच्या, लग्न न केलेली बाई, १८२७ साली मुंबईला गेली. पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, नगरलाच वारली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरारबाईंच्या हाताखाली. आजोबा म्हणाले, "तू तिच्या गावाकडं पोहायला जातीस, आणि ती तुझ्या गावाकडं शिकवायला गेली. फिटंफाट." पोरीनं हे यूथ ग्रुपला जाऊन सांगितलं. तिच्या गटातली ताई म्हणाली, "वॉव." आणि पुढचा खेळ सुरू झाला.

आता माझं म्हणणं असं, की मिशनरी आले आणि आपण झालो, एवढीच गोष्ट पोरांना कळली तर ती लाल नकाशाचीच दुसरी आवृत्ती होईल. बाकीची गोष्ट फक्त तळघरात कळते, आणि ती उपदेशातून कमी, गाण्यांतून जास्त कळते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि प्रभूची गाणी अभंगात, ओवीत बांधायला लागले. परदेशी चालीत कोंबलेल्या मराठी गीतांची जागा हळूहळू पेटी-टाळांच्या गीतांनी घेतली. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, १९२४ साली छापून झालं तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्यांच्या कामासाठी पैसा उभा करणारं मंडळ १८८७ साली याच बॉस्टनात स्थापन झालं होतं. हे कोणाच्या हातातून निमूट घेतलेल्या लोकांचं काम वाटतं का? पण हे मी पोरांना बसवून शिकवलं असतं तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. झालं ते असं, की तबलजी नव्हता.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पेटीवर सूर धरला आणि ठेका द्यायला कोणी नाही. माझा पोरगा शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. बाईंनी मागं वळून त्याला भुवईनंच विचारलं. त्यानं घडीचं टेबल ओढलं आणि बोटांनी धरला ठेका. पहिलं कडवं चुकला, दुसऱ्यात सापडला, तिसऱ्यात बाईंनी लय वाढवली तर हा मागं हटला नाही. आता तबलजी येणार नसला तर बाईंचा शनिवारी फोन मला नाही, त्याला येतो. त्या ऐंशी मुलांच्या ग्रुपमध्ये तो एखाद्या शुक्रवारी गेला नाही तर एक छानसा मेसेज येतो, "वी मिस्ड यू." तळघरात तो गेला नाही तर गाणं अडतं.

देवनागरी त्याला अजून धड वाचता येत नाही, धाकटीला तर मुळीच नाही. आम्ही गीतांचे शब्द इंग्रजी अक्षरांत छापून देतो. शुद्धतेचे पुजारी नाकं मुरडतात, मुरडू देत. मागच्या वर्षी माझी आई गेली. तिकिटं मिळाली नाहीत, नगरची दफनविधीची उपासना आम्ही चौघांनी पहाटे व्हिडिओवर पाहिली. फोन कोणीतरी उंच धरला होता, सारखा हलत होता, पाळकसाहेबांचं बोलणं निम्मं वाऱ्यात गेलं. मग मंडळीनं गीत धरलं. ते पोरांना येत होतं. दोघंही गायली, पोरगा मांडीवर ठेका देत. मोजमाप म्हणून मागाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. मल्याळी मंडळींची चर्चेस इथं चांगली उभी आहेत, इंग्रजी उपासनाही असते, तुमची पोरं तिथं रमतीलही. पण येशूचा शिष्य संत थॉमस याच्यापासून आपण आलो असं मानणारी त्यांची परंपरा, तिच्यात आपण मराठी लोक शेवटी सोयरेच. हिंदी संगती, म्हणजे हिंदीतून प्रार्थना करणारे गट, आहेत, तिथलं वातावरण मोकळं, जात कोणी काढत नाही, गाणी मात्र आपली नाहीत. रॉक्सबरीतल्या ट्वेल्फ्थ बॅप्टिस्ट चर्चला पोरांना एकदा जरूर न्या. किंग विद्यार्थी असताना तिथं उपदेश करायला मदत करत. काळ्या लोकांच्या मंडळीनं आपला इतिहास आणि आपला देव कसा एकाच गाण्यात ओवलाय, हे पोरांना एका रविवारी कळतं. आमच्या पोरानं बाहेर पडताना विचारलं होतं, "आपल्याकडे असं का नाही?" मी म्हटलं, "आहे, फक्त हीटर बिघडलाय."

आता ठरवायचं कसं. तुमचा थोरला चौदाचा आहे आणि नुकताच पुण्याहून आलाय. त्याला मराठी येते, गाणी येतात, आपण कोण हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. त्याला आत्ता दोस्त हवेत, आणि दोस्त महिन्यातून एकदा भरणाऱ्या तळघरात होत नाहीत. त्याला यूथ ग्रुपला घाला, मनात किंतु ठेवू नका. फक्त "कधी ख्रिस्ती झालात" हा प्रश्न येणार हे त्याला आधीच सांगून ठेवा, आणि उत्तर तुम्ही स्वतः आधी जुळवून ठेवा. माझ्यासारखं सिग्नलवर सापडू नका. अकराच्या धाकटीचं मात्र उलटं. ती इथलीच होणार, दोन वर्षांत मराठीत उत्तर देणं बंद करेल. तिला आत्तापासून तळघराची सवय लावली तर ती टिकेल, पंधराव्या वर्षी नव्यानं लागणार नाही. इथंच जन्मलेल्या पोरांसाठीही मी हेच म्हणेन.

दोन्ही करता येतं का? येतं, आम्ही करतो. धाकटी अजून शुक्रवारी जाते, कॅम्पलाही जाते, फरारबाईंच्या गावाची पाटी दिसली की गाडीतून फोटो पाठवते. पोरानं चौदाव्या वर्षी यूथ ग्रुप सोडला, कधीतरी ब्राझीलवाल्या दोस्ताबरोबर पिझ्झ्यापुरता जातो. ज्या आठवड्यात शुक्रवार आणि दुसरा रविवार दोन्ही आले त्या आठवड्यात घरात भांडणं होतात, तेही सांगून ठेवतो. आणि दोन्हींतलं एकच ठेवायचं अशी पाळी आली, तर आमच्या घरात आता कोणी फार वेळ विचार करणार नाही.

मावशींचं काय, असं विचाराल. त्यांच्याशी बायको बोलली. त्या अजून रंगावर बोलतात, पण पोरीसमोर नाही. आणि आडनावावरून गाव खोदणाऱ्या गृहस्थांना मागच्या नाताळात माझ्या पोरानंच उत्तर दिलं. चकली मोडत, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "काका, आम्ही महार. तुम्ही?" काकांनी चहा मागितला.

तर येत्या दुसऱ्या रविवारी या. चारला म्हणजे पावणेपाचला, पण तुम्ही नवीन आहात, साडेचारला आलात तरी चालेल. तळघराचं दार मागच्या बाजूला आहे, पुढच्या दाराला कुलूप असतं. पोरांना स्वेटर घालून आणा आणि हीटरच्या बाजूला बसवा. भाजी-भात असतोच, गोडाचं काही आणलंत तर उत्तम. टाळांची आमच्याकडे एकच जोडी आहे, पुण्याच्या खोक्यांतून तुमची सापडली तर घेऊन या.